एजंट ऑरेंज आणि माजी सैनिकांचा कॅन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिएतनाम युद्ध संपून पन्नास वर्षं उलटली. त्यात लढलेले अमेरिकन सैनिक आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, आणि प्रोस्टेट, रक्त, मूत्राशय यांचे कॅन्सर घेऊन अजूनही डॉक्टरांच्या दारात येत आहेत. यातला कुठला आजार जंगलावर फवारलेल्या रसायनाचा आणि कुठला नुसत्या वयाचा, हा प्रश्न त्यांना पडतो तसा त्यांच्या मुलाबाळांनाही पडतो. अमेरिकेतल्या मराठी घरांतही तो येऊन पोचतो: कुणाचे सासरे सैन्यात होते, कुणाचे शेजारी, कुणाचे पेशंट.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. सरकारने एखादा कॅन्सर नुकसानभरपाईच्या यादीत घातला, म्हणून अमुक माणसाला तो फवारणीमुळेच झाला असं सिद्ध होत नाही. आणि यादीत नाही म्हणून संबंधच नाही, असंही ठरत नाही. यादी कायद्याची आहे, पुरावा विज्ञानाचा आहे. दोघांचं चालणं वेगवेगळ्या वेगाने होतं.

एजंट ऑरेंज म्हणजे नेमकं काय?

झाडांची पानं गाळणारं तणनाशक. २,४-डी आणि २,४,५-टी ही दोन रसायनं निम्मी-निम्मी मिसळून ते बनायचं. २०८ लिटरच्या पिंपांवर ओळखीसाठी रंगाचा पट्टा असे. या पिंपांवरचा पट्टा नारिंगी, म्हणून नाव ऑरेंज. द्रवाचा रंग नारिंगी नव्हता. व्हाइट, ब्लू, पर्पल, पिंक, ग्रीन अशीही मिश्रणं होती. ब्लू तर आर्सेनिकयुक्त होतं आणि मुख्यतः भातशेती जाळायला वापरलं गेलं.

खरं विष मात्र मिश्रणाच्या पाककृतीत नव्हतंच. २,४,५-टी बनवताना तापमान हाताबाहेर गेलं की टीसीडीडी नावाचं डायॉक्सिन आपोआप तयार होतं. ते कुणी मुद्दाम घातलेलं नव्हतं, पण लष्कराची मागणी वाढली, कारखान्यांनी घाई केली आणि मालात ते उतरत गेलं. कॅन्सरची बहुतेक सगळी चर्चा या एका भेसळीभोवती फिरते.

फवारलं किती, आणि कसं?

अमेरिकी हवाई दलाच्या या मोहिमेचं नाव ऑपरेशन रँच हँड. जानेवारी १९६२ ते जानेवारी १९७१. एकूण ७ कोटी लिटरपेक्षा जास्त तणनाशक दक्षिण व्हिएतनामवर पडलं, त्यात निम्म्याहून अधिक एजंट ऑरेंज. सी-१२३ जातीचं विमान जमिनीपासून जेमतेम दीडशे फुटांवरून उडायचं. पोटात हजार गॅलनची टाकी. सुमारे चार मिनिटांत ती रिकामी व्हायची आणि खाली साधारण १४ किलोमीटर लांब, ८० मीटर रुंद असा पट्टा भिजायचा. विमानावर गोळीबार झाला किंवा इंजिन बिघडलं तर हीच टाकी अर्ध्या मिनिटात खाली ओतून देण्याची सोय होती.

याखेरीज हेलिकॉप्टरमधून, ट्रकवरून आणि पाठीवरच्या पंपांनीही फवारणी झाली, विशेषतः छावण्यांच्या कुंपणाभोवती गवत वाढू नये म्हणून. पुढे सगळा वाद पेटला तो इथेच. विमानांच्या फेऱ्यांची नोंद होती. पाठीवर पंप घेऊन कोण कुठे फिरला, याची नोंद जवळजवळ नाही.

प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या पिल्लांमध्ये २,४,५-टीमुळे जन्मजात व्यंगं दिसली, तेव्हा एप्रिल १९७० मध्ये एजंट ऑरेंजचा वापर थांबवण्यात आला. उरलेला साठा १९७७ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या जॉन्स्टन बेटाजवळ ‘व्हल्कॅनस’ नावाच्या जहाजावर जाळला.

डायॉक्सिनने कॅन्सर होतो कसा?

टीसीडीडी डीएनएवर थेट घाव घालत नाही. पेशीत एएच रिसेप्टर नावाचं एक प्रथिन असतं, त्याला ते चिकटतं. मग हे प्रथिन केंद्रकात जाऊन अनेक जनुकांचं काम उलटसुलट करतं: पेशींची वाढ, मरण्याची वेळ, प्रतिकारशक्ती, हार्मोन. म्हणजे आधीच बिघडलेल्या पेशीला वाढायला ते मोकळं रान करून देतं. एकाच ठरावीक अवयवाचा कॅन्सर न दिसता वेगवेगळ्या अवयवांत थोडा थोडा धोका वाढलेला का दिसतो, याचं उत्तर बहुधा इथे आहे.

त्यात ते चरबीत साठतं आणि बाहेर पडायला फार वेळ घेतं. माणसाच्या शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला ७ ते ११ वर्षं लागतात. विशीतला सैनिक १९६९ साली घरी परतला, तर त्याच्या अंगात शिरलेलं विष नव्वदच्या दशकापर्यंत आत काम करत होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये टीसीडीडीला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात नक्की कॅन्सर घडवणारं.

नक्की म्हणायला आधार कुठला? सैनिकांचाच अभ्यास?

बराचसा आधार कारखान्यांतून आला. अमेरिकेतल्या १२ कारखान्यांतल्या पाच हजारांहून अधिक कामगारांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी वर्षभराहून जास्त काळ या रसायनांत काम केलं होतं आणि ज्यांना त्या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली होती, त्यांच्यात कॅन्सरचे मृत्यू अपेक्षेपेक्षा ४६ टक्के जास्त निघाले. दुसरा आधार इटलीतल्या सेवेसोचा. तिथे १० जुलै १९७६ रोजी कारखान्यातून डायॉक्सिनचा ढग वस्तीवर पसरला आणि त्या रहिवाशांचा माग संशोधकांनी पुढे अनेक वर्षं घेतला.

सैनिकांत सर्वांत बारकाईने तपासले गेले ते रँच हँडचे लोक. १९८२ पासून दोन दशकांहून जास्त काळ त्यांच्या तपासण्या झाल्या. पण ते हजार-बाराशे माणसंच. इतक्या लहान गटात दुर्मीळ कॅन्सर एक-दोनच सापडणार, आणि एक-दोनांवरून काही सांगता येत नाही. अभ्यास चांगला होता, पण प्रश्न त्याच्या आकारापेक्षा मोठा होता.

मग कोणत्या कॅन्सरचा संबंध मानला जातो?

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९९४ पासून २०१८ पर्यंत साधारण दर दोन-तीन वर्षांनी सगळा पुरावा चाळला आणि त्याची प्रतवारी लावली. वरच्या पायरीवर, म्हणजे पुरेसा पुरावा असलेले: मऊ ऊतींचा सार्कोमा, हॉजकिन लिम्फोमा, नॉन-हॉजकिन लिम्फोमा (दोन्ही लिम्फ ग्रंथींचे कॅन्सर), आणि क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर; हेअरी सेल ल्युकेमिया यातच येतो). त्याखालच्या पायरीवर, म्हणजे मर्यादित पण बोट दाखवणारा पुरावा असलेले: फुप्फुस, श्वासनलिका व स्वरयंत्र, प्रोस्टेट, मल्टिपल मायलोमा (प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर), मूत्राशय.

या प्रतवारीत रक्त आणि लिम्फ यांच्या आजारांची गर्दी आहे, ती योगायोगाने नाही. एएच रिसेप्टर प्रतिकारशक्तीच्या पेशींत भरपूर असतो.

कॅन्सरखेरीज टाइप-२ मधुमेह, हृदयविकार, पार्किन्सन्स, उच्च रक्तदाब असे आजारही सरकारी यादीत आहेत. इथे त्यात शिरत नाही.

वडिलांना प्रोस्टेट कॅन्सर आहे. तो तर म्हाताऱ्या पुरुषांना होतोच ना?

होतोच. म्हणूनच हा सगळ्यात अवघड भाग आहे. जो आजार एरवीही पुष्कळांना होतो, त्यात वाढ ओळखणं कठीण जातं.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांत झालेला अभ्यास २००८ मध्ये छापून आला. त्यात सुमारे १३ हजार पुरुष होते. फवारणीच्या संपर्कात आलेल्या ६,२१४ जणांत २३९ प्रोस्टेट कॅन्सर सापडले, न आलेल्या ६,९३० जणांत १२४. म्हणजे दुपटीच्या आसपास. शिवाय संपर्कातल्या लोकांत निदान थोडं लवकरच्या वयात झालं आणि आजार जास्त आक्रमक होता. २०१३ मध्ये ओरेगनमधल्या बायॉप्सींच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: वाढ होती ती मुख्यतः उच्च श्रेणीच्या, म्हणजे धोकादायक कॅन्सरमध्ये. सौम्य कॅन्सरमध्ये फरक दिसला नाही.

आता दुसरी बाजू. एजंट ऑरेंजची नोंद झालेला माणूस तपासणीला जास्त वेळा जातो, त्याची पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) जास्त वेळा होते, म्हणून कॅन्सर जास्त सापडतात, अशी शंका संशोधकांनी घेतली आणि ती रास्त आहे. पण नुसत्या जादा तपासणीने सौम्य कॅन्सर वाढायला हवे होते, आक्रमक नव्हेत. त्यामुळे ओरेगनचा निष्कर्ष मला जास्त बोलका वाटतो. अकादमीने मात्र प्रोस्टेटला अजूनही दुसऱ्याच पायरीवर ठेवलं आहे.

व्यवहारात काय करायचं? डॉक्टरांना व्हिएतनामच्या सेवेबद्दल आवर्जून सांगायचं, आणि कॅन्सर किती आक्रमक आहे हे सांगणारी ग्लीसन श्रेणी किती आली ते विचारायचं.

एमजीयूएस असं रिपोर्टमध्ये आलंय. हा कॅन्सर आहे का?

नाही, पण त्याच्या अंगणात उभा आहे. अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा एक गट एकाच प्रकारचं प्रथिन बनवत राहतो, त्रास काही होत नाही. अशा शंभर लोकांपैकी वर्षाला साधारण एकाचा आजार मायलोमा किंवा तत्सम कॅन्सरकडे वळतो. बाकीचे आयुष्यभर तसेच राहू शकतात.

एजंट ऑरेंजच्या बाबतीत हा पुरावा फार नेटका आहे. रँच हँडच्या ४७९ जणांचं आणि तुलनेसाठी घेतलेल्या ४७९ हवाई दल सैनिकांचं रक्त २००२ मध्ये साठवून ठेवलं होतं. ते नंतर तपासलं तेव्हा एमजीयूएस ७.१ टक्के विरुद्ध ३.१ टक्के असं निघालं. वय वगैरे हिशेबात धरल्यावर शक्यता २.४ पट. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१८ च्या अहवालात अकादमीने एमजीयूएसला थेट पहिल्या पायरीवर नेलं, आणि विषारी पदार्थांच्या संपर्कात आलेल्या माजी सैनिकांसाठीच्या २०२२ च्या पॅक्ट कायद्याने ते नुकसानभरपाईच्या यादीत आलं. वर्षातून एक-दोनदा रक्ततपासणी करून लक्ष ठेवणं, एवढंच सहसा डॉक्टर सांगतात.

मूत्राशयाच्या कॅन्सरचं काय?

धोका वाढतो, पण थोडा. सुमारे २५ लाख माजी सैनिकांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२३ च्या अभ्यासात ही वाढ ४ टक्के निघाली. इतकी बारीक वाढ दिसण्यासाठी इतकी मोठी संख्या लागते. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सर्वांत मोठं कारण आजही तंबाखूच आहे.

या कॅन्सरची सरकारी गोष्ट मात्र संताप आणणारी आहे. अकादमीने संबंध दाखवला २०१६ मध्ये. यादीत नाव चढलं जानेवारी २०२१ मध्ये, तेही संसदेने कायदा करून भाग पाडल्यावर. मधल्या पाच वर्षांत कितीजण अर्ज फेटाळल्याची पत्रं हातात घेऊन गेले असतील.

पन्नास वर्षांनी झालेला कॅन्सर फवारणीचा कसा असू शकतो?

असू शकतो. घट्ट गाठींचे कॅन्सर दिसायला वीस, तीस, चाळीस वर्षं लागणं नवीन नाही. तंबाखू आणि अ‍ॅसबेस्टॉस यांच्याबाबतीत हे आपण पाहिलं आहेच. कायद्याला मात्र हे उशिरा उमगलं. फुप्फुस आणि श्वसनमार्गाच्या कॅन्सरसाठी पूर्वी अट होती की तो संपर्कानंतर ३० वर्षांच्या आत व्हायला हवा. २००१ च्या कायद्याने ती अट काढली. जणू एकतिसाव्या वर्षी फुप्फुसाला माफी मिळत होती!

रक्त तपासून डायॉक्सिन मोजता येईल का?

मोजता येतं, पण आता उपयोग नाही. इतक्या वर्षांत प्रमाण उतरून सामान्य माणसाइतकं होतं. शिवाय थोडं डायॉक्सिन मांस-मासे-दुधातून सगळ्यांच्याच अंगात असतं.

ऐंशीच्या दशकात या तपासणीने मोठी खळबळ उडवली होती. अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राने पायदळातल्या ६४६ व्हिएतनाम सैनिकांचं रक्त तपासलं आणि व्हिएतनामला न गेलेल्या ९७ जणांशी ताडून पाहिलं. दोन्हीकडे सरासरी सारखीच, चार पीपीटीच्या (लाख कोटी भागांत चार भाग) आसपास. याउलट रँच हँडवाल्यांचं मध्यक मूल्य त्याच सुमाराला १२ च्या पुढे होतं. केंद्राने निष्कर्ष काढला की पायदळातला कोण जास्त भिजला, कोण कमी, हे ठरवताच येत नाही, आणि नियोजित मोठा अभ्यास गुंडाळला. सैनिकांच्या संघटनांना ही पळवाट वाटली. दोघांकडेही थोडं खरं होतं: बहुतेक पायदळाचा संपर्क रँच हँडपेक्षा खूपच कमी असावा, पण वीस वर्षांनी घेतलेल्या रक्तावरून वीस वर्षांपूर्वीचा थोडासा संपर्क नाकारणंही धाडसाचंच.

‘गृहीत संबंध’ म्हणजे काय?

याच कोंडीतून काढलेली वाट. १९९१ च्या एजंट ऑरेंज कायद्याने ठरवलं की ठरलेल्या काळात, ठरलेल्या ठिकाणी सेवा केली असेल आणि यादीतला आजार झाला असेल, तर संपर्क कुठे आणि किती झाला हे सैनिकाने सिद्ध करायचं नाही. सरकार ते धरून चालेल. व्हिएतनामसाठी हा काळ ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ असा आहे.

या कायद्यामागे बऱ्याच लोकांची झुंज आहे, पण व्हिएतनाममधल्या अमेरिकी नौदलाचे प्रमुख राहिलेले अ‍ॅडमिरल एल्मो झुमवॉल्ट यांची कहाणी विसरता येत नाही. मेकाँगच्या खोऱ्यात नद्यांच्या काठावर दबा धरून होणारे हल्ले रोखायला त्यांनीच फवारणी करवली होती. त्याच नद्यांवर त्यांचा मुलगा गस्तीच्या बोटीवर अधिकारी होता. मुलाला १९८३ मध्ये लिम्फोमा झाला, दोन वर्षांनी हॉजकिन, आणि १९८८ मध्ये ४२ व्या वर्षी तो गेला. फवारणीने अनेक सैनिकांचे जीव वाचले, हे मत अ‍ॅडमिरलनी बदललं नाही. पण १९९० मध्ये त्यांनीच सरकारला अहवाल देऊन सांगितलं की कॅन्सरचा पुरावा दडपला जातोय.

व्हिएतनामच्या जमिनीवर पाय ठेवला नव्हता. तरी चालतं?

आता बऱ्याच जणांना चालतं. २०२० पासून किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आतल्या जहाजांवरचे नौसैनिक धरले जातात. पॅक्ट कायद्याने थायलंडमधले तळ, लाओस, कंबोडियाचा काही भाग, ग्वाम, अमेरिकन सामोआ आणि जॉन्स्टन बेट जोडलं, प्रत्येकाच्या वेगळ्या तारखांसह. कोरियातल्या सीमापट्ट्यावरचे सैनिक १ सप्टेंबर १९६७ ते ३१ ऑगस्ट १९७१ या काळासाठी. युद्धानंतर तीच सी-१२३ विमानं अमेरिकेत राखीव दलाने वापरली. त्या विमानांत काम केलेल्यांना २०१५ मध्ये मान्यता मिळाली.

आजार यादीत नसेल तर?

दार बंद नाही, पण उंबरठा उंच आहे. १९७८ मध्ये सर्वांत आधी कंपन्यांना कोर्टात खेचणारा पॉल रॉयटरशान हा हेलिकॉप्टरवरचा सैनिक आतड्याच्या कॅन्सरने २८ व्या वर्षी गेला. आतड्याचा कॅन्सर एजंट ऑरेंजच्या यादीत आजही नाही. मेंदूतला ग्लिओब्लास्टोमाही नाही. अशा वेळी ‘संबंध असण्याची शक्यता नसण्याइतकीच किंवा जास्त आहे’ असं डॉक्टरांचं कारणांसह लेखी मत जोडावं लागतं. नुसतं ‘असू शकतो’ लिहिलेलं पत्र अर्ज बुडवतं.

ते चेनस्मोकर होते. अर्ज करण्यात अर्थ आहे?

आहे. यादीतल्या कॅन्सरला तंबाखूची सवय सहसा आडवी येत नाही.

कंपन्यांना शिक्षा झाली का?

नाही. ७ मे १९८४ रोजी, खटला उभा राहण्याच्या दिवशी, डाऊ, मॉन्सँटो आणि इतरांनी १८ कोटी डॉलरवर तडजोड केली. दोष मान्य केला नाही. सुमारे ५२ हजार सैनिकांत किंवा त्यांच्या वारसांत वाटल्यावर एकेकाच्या पदरी फार थोडं आलं. व्हिएतनामी नागरिकांचे अमेरिकेतले दावे फेटाळले गेले, आणि फ्रान्समध्ये त्रान तो न्गा या व्हिएतनामी-फ्रेंच महिलेचा दावाही २०२४ मध्ये अपिलात हरला. ज्यांच्या डोक्यावर सर्वांत जास्त पडलं त्यांच्यासाठी गृहीत संबंध नावाची सोय अमेरिकी कायद्यात नाही.

भारतीय सैनिक तिथे होते का?

लढायला नव्हते. पण १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर नेमलेल्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, आणि फवारणीच्या काळातही आपले अधिकारी व जवान व्हिएतनाममध्ये होते. अमेरिकी योजना अमेरिकी सैन्यात सेवा केलेल्यांसाठीच असल्यामुळे त्यांना ती लागू होत नाही.

आपण उसात २,४-डी मारतो. तेच का हे?

अर्धं तेच. रुंद पानांच्या तणासाठी आपल्याकडे वापरतात ते २,४-डी हा एजंट ऑरेंजचा एक घटक होता. पण टीसीडीडी यायचं ते २,४,५-टीमधून, आणि त्याला भारतात नोंदणीच नाकारलेली आहे. २,४-डीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये ‘कदाचित’च्या गटात ठेवलं, टीसीडीडीसारखं ‘नक्की’च्या गटात नाही. म्हणून उघड्या हातांनी, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून मारावं असं नाही. हातमोजे, मास्क, वारा पाहून फवारणी हे पाळायलाच हवं. शेजारच्या द्राक्षबागेवर किंवा कपाशीवर याचा नुसता वास गेला तरी पानं कशी आकसतात, ते बागायतदारांना सांगायला नको.

अमेरिकेतल्या नातेवाइकासाठी आज काय करता येईल?

डीडी-२१४ हा सेवेचा कागद शोधा. हरवला असेल तर राष्ट्रीय अभिलेखागारातून प्रत मिळते. माजी सैनिक खात्याकडे एजंट ऑरेंजची आरोग्य तपासणी मोफत होते, पण ती म्हणजे नुकसानभरपाईचा अर्ज नव्हे. बरेच लोक तपासणी झाली की अर्ज झाला असं समजून वर्षं घालवतात. अर्ज वेगळा भरावा लागतो. पूर्वी फेटाळला गेला असेल आणि तो आजार नंतर यादीत आला असेल, तर पुन्हा करा. सैनिक वारले असतील तर पत्नीला हक्क असू शकतो. मान्यताप्राप्त सैनिक संघटनांचे प्रतिनिधी हे काम फुकट करून देतात. पहिला अर्ज भरून देण्यासाठी पैसे मागणारा कुणी भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. कायद्याने त्याला ते घेता येत नाहीत.